विलिसची खोली आणि आर्लिसचं ‘नको’

आर्लिस किवेलाच्या गाडीत बसायचं तर हाताशी भरपूर वेळ ठेवून बसावं. वीसेक वर्षं तिनं आमच्या सरोवराकाठच्या डुलुथ गावच्या सिटी बसवर ड्रायव्हर म्हणून काढली. आता ती आमच्या संस्थेची पांढरी व्हॅन चालवते, पण हात अजून बसवालीचेच आहेत. रस्त्यात बसस्टॉप दिसला की व्हॅन आपोआप कडेला येते, दार उघडायला तिचा हात पुढे जातो, आणि मग बाईसाहेबांच्या लक्षात येतं. “अगं बाई,” म्हणते आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेते. मी शेजारी बसून दातओठ खात असते. एकदा तर एक म्हातारा खरंच आत चढला आणि सीटवर बसून खिशात सुटे पैसे शोधायला लागला. त्याला ग्रंथालयापाशी सोडून आलो. काय करता!

मी रोझ. संस्थेचं टेबल माझ्याकडे असतं. फोन घ्यायचे, बिलं भरायची आणि वर्षातून एकदा सरकारकडे अनुदानाचा अर्ज पाठवायचा. संस्था म्हणजे एका जुन्या चर्चच्या तळघरातल्या दोन खोल्या. काम एकच. ज्यांना घर नाही आणि वर मनाचं मोठं दुखणं आहे, अशा माणसांना रस्त्यावर जाऊन गाठायचं, आणि जमेल तसं डॉक्टरपर्यंत नि छपरापर्यंत आणायचं. पैसे वॉशिंग्टनहून निघतात, सेंट पॉलला राज्याच्या खात्यात विसावा घेतात आणि मग आमच्याकडे येतात. सरकारच्या तीन डॉलरमागे एक डॉलर गावानं घालायचा असतो. तो चर्चच्या बायका रविवारी पॅनकेक विकून घालतात. त्या पॅनकेकचं पीठ फेटून फेटून माझा उजवा खांदा कामातून गेलाय.

माझं माहेर बफेलो शहरातलं, इटालियन घर. आमच्याकडे ज्याला भूक लागते तो ओरडतो आणि ज्याला नको असतं तो ताटावर हात आडवा धरतो. लग्न होऊन इथे आले त्या पहिल्या वर्षी नवऱ्याची मावशी भेटायला आली. मी विचारलं, “कॉफी घेणार?” ती म्हणाली, “नको गं, कशाला उगाच त्रास.” बरं म्हणून मी किटली खाली ठेवली. मावशी बिचारी हातावर हात ठेवून बसून राहिली. नवऱ्यानं मला स्वयंपाकघरात ओढत नेलं.

“अगं, काय चालवलंयस? तिला कॉफी दे की!”

“ती नको म्हणाली!”

“एकदाच म्हणाली. इथे पहिलं नको म्हणजे नुसता नमस्कार. दुसऱ्या नकोला माणूस बघतो, हिला खरंच द्यायचंय का तोंडदेखलं विचारतेय. तिसऱ्यांदा विचारलंस की म्हणेल, बरं, एवढा आग्रहच आहे तर घोटभर दे.”

“आणि तिसऱ्यांदा नाहीच विचारलं तर?”

“तर घरी जाऊन पिईल, आणि मरेपर्यंत लक्षात ठेवील.”

या धर्मात आर्लिसइतकं कडक सोवळं मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. ती उत्तरेकडच्या एका फिनिश शेतकऱ्याची मुलगी. घरात माणसं पुष्कळ आणि बोलणं कमी. तिच्या वडिलांना जेवताना मीठ हवं असलं की ते शेजारच्याला विचारायचे, “तुला मीठ हवंय का?” त्यानं समजून मीठ इकडे सरकवायचं. आर्लिसचा नवरा बंदरावर कामाला होता. तो गेला तेव्हा सबंध गल्लीनं डबे आणले, आणि हिनं प्रत्येकीला दारात उभं करून तीनतीनदा नको म्हटलं. शेवटी फ्रीजमध्ये जागा उरली नाही म्हणून मलाच चार डबे घरी न्यावे लागले.

आता हेच सोवळं तिच्या कामात मात्र कसं उपयोगी पडतं ते सांगते. रस्त्यावरच्या माणसाला विचारलं, “डॉक्टरकडे येतोस का?” की तो नाहीच म्हणतो. बहुतेक जण तिथून परत फिरतात. आर्लिसला त्या नाहीचं काहीच वाटत नाही. ती म्हणते, “बरं. मोजे घे मग,” आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. तिच्या व्हॅनमध्ये करड्या लोकरी मोज्यांचं एक खोकं आणि कॉफीचा मोठा थर्मास कायम असतो. ती कॉफी म्हणजे भांडं विसळलेलं पाणी. पण लोक पितात. ती नाव विचारत नाही, दुखणं विचारत नाही. हवेबद्दल बोलते. डुलुथमध्ये हवेबद्दल बोलायला कधीच कमी पडत नाही.

विलिस ओकस्टाड तिला बसच्या दिवसांपासून माहीत होता. पूर्वी तो लोहखनिजाच्या बोटींवर आचारी होता. मग डोक्यात आवाज यायला लागले, आणि एका मोसमाला कप्तानानं त्याला किनाऱ्यावरच ठेवलं. घर गेलं, बायको तिच्या बहिणीकडे गेली. हिवाळ्यात तो आर्लिसच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसून दिवस काढायचा. शेवटच्या स्टॉपवर गाडी रिकामी करायची असा नियम. आर्लिस मागे वळून मोठ्यानं म्हणायची, “शेवटचा स्टॉप!” आणि मग मागे कुणी बसलंय का हे बघायचंच विसरायची. त्यामुळे तो अजूनही तिला ड्रायव्हरबाईच म्हणतो.

विलिसची अडचण छताची होती. ज्या छतावर दुसरी माणसं राहतात ते छत आपला श्वास ऐकतं, गोळा करून ठेवतं आणि वरच्यांना देतं, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो निवाऱ्यात टिकायचा नाही, दवाखान्याच्या खाटेवर टिकायचा नाही. हायवेच्या पुलाखाली मात्र बरा असायचा, कारण वर फक्त मोटारी. मोटारींना कुणाचा श्वास लागत नाही, असं त्यानं आम्हाला समजावून सांगितलं होतं. गेल्या हिवाळ्यात थंडीनं त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आर्लिसला बाजूला घेऊन सांगितलं, “अजून एक हिवाळा बाहेर काढला तर पाऊल जाईल. कदाचित माणूसच जाईल.” त्या उन्हाळ्यात आर्लिसनं काय केलं मला माहीत नाही, पण विलिस महिन्याकाठी त्या आवाजांवरचं इंजेक्शन घ्यायला तयार झाला. आवाज थांबले नाहीत, जरा लांब गेले. पण छताची भीती गेली नाही.

आणि ऑक्टोबरात ती खोली मिळाली. मिसेस ट्वेट नावाच्या विधवेची बेकरी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. बेकरीच्या मागे पिठाची पोती ठेवायची एक बैठी खोली होती, ती तिनं नीट करून घेतली. वर मजला नाही, सपाट पत्रा. दार थेट बाहेर उघडतं, समोर सरोवर. आम्ही विलिसला घेऊन गेलो. तो आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. भिंतीला टेकवून ठेवलेल्या शिडीवरून चढून त्यानं पत्रा स्वतः बघितला. मग खाली उतरला.

“ड्रायव्हरबाई, वर कुणी नाही.”

“नाही.”

“दार मी उघडं ठेवलं तर?”

“दार तुझं आहे. उघडं ठेव, नाहीतर बंद कर.”

त्यानं दारातून एकदा सरोवराकडे बघितलं. मग म्हणाला, “इथे झोप येईल.”

मी व्हॅनमध्ये जाऊन रडले, सांगायला काय लाजायचंय! असली खोली साऱ्या गावात दुसरी नव्हती. आम्ही शोधून शोधून थकलो होतो. जिल्ह्याकडून त्याच्या भाड्याची मदत मंजूर झाली होती, पण ती सुरू होणार जानेवारीपासून. त्याआधीची अनामत आणि दोन महिन्यांचं भाडं आम्ही घालायचं होतं. आमच्या अनुदानात घरासाठी किती खर्च करायचा याला कुंपण घातलेलं असतं, आणि त्या कुंपणापर्यंत आम्ही ऑगस्टमध्येच पोचलो होतो. दुसऱ्या कामाचे पैसे इकडे वळवले तर पुढच्या वर्षी अनुदानच विसरा. पॅनकेकचा गल्ला नुकताच रिकामा झालेला. मिसेस ट्वेटनं स्पष्ट सांगितलं, “मी शुक्रवार संध्याकाळपर्यंत थांबते. माझंही या भाड्यावरच चालतं. पुतण्याचा मित्र पैसे घेऊन उभाच आहे.” तिचं तरी काय चुकलं?

त्या आठवड्यात मंगळवारी मी दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. परत आले तेव्हा अर्धं तोंड बधिर, आणि आर्लिस माझ्या खुर्चीत बसलेली, अगदी खुशीत.

“सेंट पॉलहून फोन आला होता. आपल्या अनुदानाचं काम आता जो बघतो ना, तो नवीन साहेब. गार्झा म्हणून. टेक्ससचा आहे. फार गोड माणूस गं. थंडीचं विचारत होता.”

“आणि?”

“आणि दक्षिणेतल्या कुठल्याशा जिल्ह्याचे घरासाठीचे पैसे उरलेत म्हणे. या महिन्यात वाटायचेत. आपल्याला उपयोग होईल का विचारत होता.”

हे म्हणजे आपण दार शोधत फिरावं आणि दारानंच घरी चालत यावं, तसं झालं.

“मग? मग काय म्हणालीस?”

“मी म्हटलं, अहो नको, आमचं बरं चाललंय. दुसऱ्या कुणाला जास्त गरज असेल, त्यांना द्या.”

“आर्लिस!”

“अगं, पहिल्यांदाच विचारत होता! लगेच हो म्हणून अंगावर कशी पडणार?”

“आणि तो काय म्हणाला?”

आता तिचा चेहरा जरा उतरला. “तो म्हणाला, वा, ऐकून आनंद झाला, देव तुमचं भलं करो. आणि फोन ठेवला.” तिनं फोनकडे बघितलं. “रोझ, त्यानं परत विचारलंच नाही गं.”

बधिर तोंडानं भांडायचा कुणी प्रयत्न केलाय का? शब्द धड फुटत नाहीत आणि लाळ गळते. तरी मी भांडले. हातातोंडाशी आलेला घास हिनं स्वतःच्या हातानं ढकलून दिला होता, आणि तोंडावर भाव असा की चूक गार्झाची!

“तो टेक्ससचा आहे, बाई! तिथे नको म्हणजे नको!”

“असं कसं? तिथेही माणसंच राहतात ना?”

“आताच्या आता फोन कर त्याला.”

“मी? मी कसा करू? आत्ताच नको म्हटलंय. आणि लगेच फोन करून द्या म्हणू? काय म्हणेल तो?” ती उठून मोज्यांचं खोकं नीट लावायला लागली. “उद्या करेल तोच. रात्री विचार करेल ना, की बाई एकदाच नको म्हणाली.”

बुधवारी ती सकाळची फेरी आटपून दहालाच आली आणि फोनजवळ बसली. दुपारपर्यंत दोन फोन आले. एक छपाईयंत्र विकणाऱ्याचा आणि एक कुणीतरी चुकून लावलेला. त्या चुकलेल्या माणसाशीही ती हवेबद्दल बोलली. मी म्हटलं, “मी करते फोन. माझी जीभ तिखट आहे, मला काही वाटत नाही.” तर म्हणाली, “नको, नको.” आणि हे नको पहिलं का दुसरं ते मला कळेना. मी रागानं घरी गेले. नवऱ्याला सगळं सांगितलं तर तो आर्लिसचीच बाजू घेऊन म्हणाला, “एकदाच विचारलं? उद्धटच दिसतोय.” या गावात मी कुणाशी बोलावं?

गुरुवारी सरोवरावरून असा वारा सुटला की चर्चच्या तळघरातली खिडकी सारखी थडथडत होती. पावसात बर्फाचे खडे. आर्लिस फेरीवरून आली, पण कोट न काढता तशीच उभी राहिली.

“काय झालं?”

“विलिसनं दाढी केलीय,” ती म्हणाली.

“मग?”

“पेट्रोल पंपाच्या बाथरूममध्ये जाऊन दाढी केली. सामान दोन पिशव्यांत बांधून ठेवलंय. ब्लँकेटसुद्धा घडी करून बांधलंय, अंगावर घेतलेलं नाही. मला म्हणाला, ड्रायव्हरबाई, किल्ली उद्या ना? पुलाखालच्या सगळ्यांना सांगितलंय त्यानं, माझं दार सरोवराकडे आहे म्हणून.” तिनं हातमोजे काढून टेबलावर ठेवले. “फोन लाव, रोझ.”

“मी बोलते. तू बस.”

“नाही. नको मी म्हटलंय, तर हो सुद्धा मीच म्हटलं पाहिजे.”

मी नंबर लावला आणि फोन मोठ्या आवाजावर टाकला. पलीकडून गार्झाचा आवाज आला, मऊ आणि कामात बुडालेला.

“मिस्टर गार्झा, मी डुलुथहून आर्लिस. बोललो होतो आपण.”

“हो हो, बाई! कशा आहात?”

“बरं आहे. इकडे वारा फार सुटलाय.”

“असं का.”

“हो. सरोवर खवळलंय. तुमच्याकडे?”

“इथे नुसता पाऊस.”

“पाऊस. हां. पाऊसही वाईटच.”

मी टेबलाखालून तिला पाय मारला.

“तर... ते तुम्ही परवा म्हणत होतात ना. म्हणजे घाई काही नाही. पण समजा कुणालाच उपयोग नसला, आणि ते तसेच पडून राहणार असले, तर...”

“माफ करा बाई, मला नीट कळलं नाही.”

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते मी डोळ्यांनी बघत होते, आणि भांडं पुरतं पाठीमागे गेलं होतं. आर्लिसचे कान लाल झाले. मला वाटलं, आता ही पुन्हा पावसावर येणार. पण ती उठून उभी राहिली. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली, आणि बसमधल्या गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मिस्टर गार्झा, मला ते पैसे पाहिजेत.”

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

“माझा एक माणूस पुलाखाली आहे. त्याच्या पायाची दोन बोटं थंडीनं गेलीत. त्याला सोसवेल अशी एकच खोली या गावात मिळालीय, आणि उद्या संध्याकाळपर्यंत पैशाचं सांगितलं नाही तर तीही जाईल. मंगळवारी मी नको म्हटलं. ते नको तसं नव्हतं. मला पाहिजेत. द्या.”

एवढं बोलून ती धपकन खुर्चीत बसली आणि दोन्ही तळहातांनी तोंड झाकून घेतलं. साठीला आलेली बाई, आयुष्यात पहिल्यांदा कुणाला ‘द्या’ म्हणाली असेल. मला तिचा इतका अभिमान वाटला आणि इतकी दयाही आली, की काय करावं सुचेना. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

“बाई,” गार्झा सावकाश म्हणाला, “ते नको तसं नव्हतं म्हणजे?”

आता मी पुढे झाले. माझी ओळख सांगितली, आणि पहिलं नको, दुसरं नको, तिसऱ्यांदा विचारणं, मावशी, कॉफी, सगळं त्याला समजावून दिलं. पलीकडे खुर्ची करकरल्याचा आवाज आला.

“म्हणजे,” तो म्हणाला, “बाकीच्या जिल्ह्यांनीसुद्धा...?”

“बाकीचे कोण?”

“अहो, मंगळवारपासून मी फोनच करतोय! तुम्ही नको म्हणालात. तुमच्या पश्चिमेच्या जिल्ह्यातले म्हणाले, आम्ही सांभाळून घेतो. कॅनडाच्या सीमेवरच्या बाई म्हणाल्या, डुलुथला द्या, त्यांना सरोवराचा वारा लागतो. एक गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे गेल्या वर्षीचे मोजे अजून शिल्लक आहेत. एकालाही नकोत! काल मी साहेबांना सांगितलं, काय राज्य आहे हो तुमचं, इथे बेघर माणूसच उरलेला दिसत नाही! पैसे वॉशिंग्टनला परत करायचं पत्र लिहून ठेवलंय. दुपारच्या टपालाला जाणार होतं.”

“टाकू नका!” आम्ही दोघी एकदम ओरडलो.

“टाकत नाही, टाकत नाही. हे बघा, फाडलं.” आणि फाडल्याचा आवाज खरंच आला. मग तो हसायला लागला. आधी दबकून, मग मोकळेपणानं. मीही हसले. आर्लिस तोंड झाकूनच हसत होती, तिचे खांदे हलत होते. हसत होती का रडत होती, देव जाणे. माझा जीव भांड्यात पडला.

“किती लागतील तुम्हाला?” गार्झानं विचारलं.

आर्लिसनं तोंडावरचे हात काढले. “नुसती अनामत निघाली तरी पुष्कळ...”

“अनामत आणि दोन महिन्यांचं भाडं!” मी पाठीमागून ओरडले. “आणि एक गादी!”

“गादी लिहितो,” तो म्हणाला. “संध्याकाळच्या आत मंजुरी पाठवतो, घरमालकिणीला दाखवता येईल अशी. पैसे मागून येतील.”

“मिस्टर गार्झा,” आर्लिस म्हणाली, “त्या बाकीच्यांना परत फोन करा. सीमेवरच्या बाईंना तर नक्की. तिथे आमच्यापेक्षा वाईट हाल आहेत.”

“करतो. एकदा केला की झालं ना?”

“एकदा तुमचा झालाय. अजून दोनदा.”

पलीकडून एक मोठा उसासा ऐकू आला. “टेक्ससमध्ये माझी आजी म्हणायची, ज्याला हवं तो ताट पुढे करतो,” तो म्हणाला. “आजीला इथे आणायला पाहिजे होतं.”

मंजुरी चार वाजता आली. शुक्रवारी सकाळी ती घेऊन मी स्वतः मिसेस ट्वेटकडे गेले. तिनं चष्मा लावून दोनदा वाचली, कागद घडी करून ठेवला आणि किल्ली काढून दिली. किल्लीला जुन्या बेकरीचा, पावाच्या आकाराचा एक बिल्ला होता. “तो स्वयंपाक करायचा ना बोटीवर?” तिनं विचारलं. मी हो म्हटलं. “मग ती मागची शेगडी त्यालाच राहू दे,” ती म्हणाली. पुतण्याच्या मित्राला तिनं काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

विलिस दुपारी आला. दोन पिशव्या, घडी केलेलं ब्लँकेट आणि ओला कोट. आर्लिसनं किल्ली त्याच्या हातात दिली. त्यानं कुलूप उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. गादी कुठे टाकायची यावर दोघांनी बराच खल केला आणि शेवटी ती दाराजवळच टाकली, झोपल्या झोपल्या पाणी दिसेल अशी. मला वाटलं होतं आर्लिस थोडा वेळ थांबेल, काही बोलेल. पण ती मला म्हणाली, “चल, त्याला त्याचं घर लावू दे,” आणि व्हॅनकडे निघाली. मागे वळूनही बघितलं नाही.

शनिवारी आम्हाला सुट्टी. नऊच्या सुमाराला माझ्या दारात व्हॅनचा भोंगा वाजला. बघते तर आर्लिस, चेहरा पांढराफटक. मी अंगावर कोट घालून बाहेर आले.

“काय झालं?”

“काही नाही. सवयीनं पुलाखाली गेले, तर जागा रिकामी.” तिनं स्टीअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. “फोन काढला नि दवाखान्याचा नंबर लावायला लागले. मग आठवलं.”

तिचं बोलणं मला समजलं. आमच्या धंद्यात पुलाखालची जागा रिकामी दिसली की आधी दवाखान्यात फोन करायचा, मग पोलिसांत, आणि मग तिसरा फोन शवागारात असतो, तो करायला ती नेहमी मला सांगते. इतक्या वर्षांत रिकामी जागा कधी चांगली निघाली नव्हती.

“तरी एकदा बघून येऊ?” ती म्हणाली. “लांबूनच.”

आम्ही बेकरीच्या मागे गाडी लावून पायी गेलो. कडाक्याची थंडी होती आणि सरोवर आता शांत पडलं होतं. दार वीतभर उघडं होतं. आतला हीटर घरघरत होता, आणि सारी ऊब बाहेर चालली होती. बिल कोण भरणार, असं माझ्या ओठांवर आलं, पण मी ते गिळलं.

आर्लिस फटीतून वाकून बघत होती. ती इतका वेळ हलेना की मलाही भीती वाटली. मी तिच्या खांद्यावरून आत डोकावले. विलिस कुशीवर झोपला होता. तोंड उघडं, एक हात गादीबाहेर, घोरत होता. सकाळचे दहा वाजायला आले होते आणि हा माणूस गाढ झोपला होता.

“रोझ,” ती कुजबुजली, “त्यानं बूट काढलेत गं.”

तेव्हा मला दिसलं. गादीशेजारी त्याचे बूट जोडीनं ठेवलेले होते, नाड्या सोडलेले, आणि करडे मोजे हीटरवर वाळत होते. उघड्यावर झोपणारा माणूस बूट काढत नाही. काढले तर चोरीला जातात, आणि रात्री उठून पळायची वेळ आली तर पायात काही नसतं. आर्लिस त्याला इतकी वर्षं ओळखत होती, पण दवाखान्यात बोटं कापली तो दिवस सोडला तर तिनं त्याचे पाय कधी पाहिले नव्हते. ब्लँकेटच्या टोकातून ते दोन्ही बाहेर आले होते. डावा पाय बोटांच्या बाजूला अर्धवट, पण उबेनं गुलाबी झालेला.

आम्ही दार होतं तसंच, वीतभर उघडं राहू दिलं आणि पावलांचा आवाज न करता व्हॅनकडे परत आलो.